पोपटाची मिरची

“डास मारतानाही ज्याचा हात अडखळतो, त्याच्या मनात असला विचार येतोच कसा?”

भिकोबा गोसावी मठाच्या ओसरीवर ओल्या शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

“कसला विचार?”

प्रश्न विचारणारे निमकर निवृत्त न्यायाधीश होते. जन्मभर दुसऱ्यांच्या जबान्या ऐकलेल्या. स्वतःची द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी मागे वळून पाहिलं.

“मला नात झालीय, बाबा. तिला उचलायला वाकलो की मनात येतं... हिला आपण खाली आपटणार.”

“आपटलंत?”

“बाबा!”

“विचारलं आपलं.”

निमकरांनी खिशातली जपमाळ चाचपली.

“तेव्हापासून तिला हात लावलेला नाही. लेकीला वाटतं, मुलगी झाली म्हणून बापाने तोंड फिरवलं. दुपारच्या एस.टी.ने ती सासरी चाललीय. बाहेर पारावर बसलीय, बाळाला घेऊन. तुमच्या पाया पडून जायचं म्हणाली म्हणून आली. माझ्याशी बोलत नाही.”

“तुम्ही काय उपाय केलात?”

“विचार आला की जप करतो. मध्येच परत आला की पुन्हा पहिल्या मण्यापासून. कधी कधी जेवणाचं ताट गार होतं, माळ पुरी होत नाही. ग्रंथ वाचले. मनाला खडसावलं. कोर्टात मी नुसता चष्मा काढला तरी लोक गप्प बसायचे.”

“मन बसत नाही?”

“नाही.”

“त्याला चष्म्याचं माहीत नसेल.”

एवढ्यात वरून कोणीतरी किंचाळलं, “साप! साप!”

निमकर बाकावर चढले. इतके ग्रंथ वाचलेल्या माणसाच्या मानाने चपळाई वाखाणण्यासारखी होती.

भिकोबा शेंगा सोलतच होते. आत चुलीपाशी मठातल्या बाई भाकरी थापत होत्या, त्यांचाही हात थांबला नाही. मांजराने एक डोळा उघडला आणि निमकरांकडे बघून मिटला.

तुळईवर पोपट बसला होता.

“उतरा खाली. तो रोज ओरडतो.”

“साप नाहीये?”

“आधीच्या मालकाकडे निघाला होता म्हणे, एकदा.”

“मग गप्प करा ना त्याला!”

“केलं की. ओरडला की आम्ही काठ्या घेऊन धावायचो, गोणी हलवायचो. मग त्याने गप्प बसावं म्हणून मिरची द्यायचो. मिरची खाईपर्यंत बसायचा गप्प.”

“आणि संपली की?”

“साप.”

निमकर सावकाश बाकावरून उतरले.

“आता नाही देत मिरची?”

“देतो. जेवणाच्या वेळी. ओरडला तरी, नाही ओरडला तरी.”

“म्हणून थांबला?”

“आत्ता ऐकलंत की. कमी झालाय थोडा.”

निमकर तुळईकडे बघत राहिले. त्यांच्यातला न्यायाधीश अजून समाधानी नव्हता.

“पण एखाद्या दिवशी खरंच साप निघाला तर?”

“मग साप दिसेल.”

...

भिकोबांनी बाहेरच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, “पोरी, आत ये.”

निमकरांची लेक सुनेत्रा आत आली. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं होतं. ती वाकायला गेली आणि थबकली. बाळ कुणाकडे द्यावं म्हणून तिने इकडे तिकडे पाहिलं. वडील सोडून सगळीकडे पाहिलं.

भिकोबांनी दोन्ही पंजे दाखवले.

“माझे हात शेंगांच्या मातीने भरलेत. आजोबांकडे दे.”

“त्यांना...” सुनेत्राने दुपटं सावरलं. “त्यांना नाही आवडत, बाबा.”

“दे.”

 निमकरांचा डावा हात पुढे आला. उजवा खिशात माळ शोधू लागला.

“बाबा... तो विचार...”

“आला?”

“आला.”

“साप! साप!” वरून पोपट ओरडला.

भिकोबांनी वर पाहिलं नाही.

“आला तर येऊ दे. माळ राहू दे खिशात. मानेखाली हात धरा.”