हळदीचा कौल

फार जुन्या काळची गोष्ट. रानाच्या कडेला एक गाव होतं आणि त्या गावाला भिण्याची सवय होती. घुबड ओरडलं की दारं बंद. गुरं दगावली की कुणाची तरी नजर लागली.

मग कौल लावायचे. चावडीवर परातीत हळदीचं पाणी ठेवत आणि एकेकाला त्यात हात बुडवायला सांगत. ज्याच्या हाताने पाणी लाल होईल तो गावाचा वैरी. दिवस मावळायच्या आत त्याला रानात हाकलायचं. रानात वाघ होते. गेल्या साली भिंतींना चुना लावणाऱ्या एका म्हाताऱ्याला असंच हाकललं होतं. “माझं काय चुकलं?” एवढंच तो विचारत गेला.

यंदा पुन्हा गुरं दगावली, पुन्हा परात मांडली. चुन्याच्या भट्टीवर राबणारी एक बाई कामावरून तशीच आली. तिने हात बुडवला आणि पाणी रक्तासारखं लाल झालं. लोक मागे सरले. शेजारणींनी आपली पोरं पदराआड ओढली. त्यांना हसू नका. भ्यालो असतो तर आपणही तेच केलं असतं.

तिची लहान मुलगी धावत घरी आली आणि चुलीपाशी बसून हमसून हमसून रडली. रडता रडता तिच्या मनात आलं, पाणी लाल होतं तरी कशाने?

तिने वाटीत हळद कालवली. मीठ टाकलं, काही नाही. पीठ टाकलं, काही नाही. खुंटीला आईचं भट्टीवरचं फडकं होतं, चुन्याने पांढरं झालेलं. तिने त्याचं टोक बुडवलं. पाणी लालभडक!

वाटी फेकून पळावंसं वाटलं. पण आई चावडीवर होती आणि ऊन उतरत चाललं होतं. आमटीसाठी चिंच भिजत घातलेली होती. लाली कशाने जाते ते बघायला तिने ते आंबट पाणी वाटीत ओतलं. लाली गेली, पाणी पुन्हा पिवळं झालं.

चिंचेचं पाणी घेऊन ती चावडीवर पोचली. तिथे पाटील विडा लावत बसले होते.

“पाटीलबाबा, तुम्ही पण हात घाला ना.”

“मी? अगं, मी कौल लावणारा!”

पण सगळा गाव बघत होता. पाटलांनी नव्याने कालवलेल्या हळदीच्या पाण्यात बोटं बुडवली. बोटांभोवती पाणी लाल होत गेलं.

पाटलांनी बोटं झटकन बाहेर काढली. “माझं काय चुकलं?” ते पुटपुटले.

ते शब्द गावाने आधी ऐकले होते.

“काही नाही चुकलं, बाबा,” मुलगी म्हणाली. “बोटांना विड्याचा चुना लागलाय. माझ्या आईच्या हाताला भट्टीचा होता.” तिने परातीत चिंचेचं पाणी ओतलं. परात पिवळी झाली.

आई सुटली. मुलीने तिला जी मिठी मारली ती सोडेचना. गावकरी मात्र रानाच्या तोंडाशी गेले आणि त्या म्हाताऱ्याला हाका मारत राहिले. अंधार पडला तरी रानातून ओ आली नाही.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, भीती वाटली तरी आधी पडताळून पाहा; न तपासता दिलेली शिक्षा मागे घेता येत नाही.