खारीची बोरे आणि सशाचे डोळे

ओढ्याकाठच्या एका जंगलात एक दणकट ससा राहत असे. तिथे दरवर्षी पळस फुलला की सशांचे मुष्टियुद्ध होई. रिंगणाबाहेर गेला तो हरला. जिंकणाऱ्याला वर्षभर ओढ्यालगतचे हिरवेगार कुरण मिळे, बाकीच्यांनी माळावरचे वाळके गवत चघळायचे. आपला ससा लागोपाठ तीन वर्षे हरला होता. "बळ कमी पडतंय," असे म्हणून तो रोज टेकडीला सात फेऱ्या मारी आणि एका ओस वारुळावर ठोसे लगावी. वारूळ बिचारे उलटून मारत नसे, त्यामुळे तिथे तो रोज जिंके.

हे सारे बोरीवरची एक खार पाहत होती. ती म्हणाली, "ससोबा, बळ पुष्कळ आहे तुमच्यात. पण ठोसा आला की तुम्ही डोळे मिटता."

"मी? मला काय भित्रा समजलीस?" ससा फुरंगटला.

खारीने नेम धरून एक बोर त्याच्या नाकावर मारले. सशाचे डोळे गच्च मिटले आणि तो ओशाळला. मुलांनो, आपली खोड आपल्याला सगळ्यात शेवटी कळते.

मग रोज सकाळी शिकवणी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात सगळी बोरे नाकावरच बसली. नाक सुजून टम्म झाले. "माझ्या नशिबी माळच आहे," ससा रडकुंडीला येऊन म्हणाला.

"भीती वाटली तर वाटू द्या," खार म्हणाली, "तुम्ही फक्त बोराकडे बघत राहा."

तो बघत राहिला. महिन्याभरात बोरे त्याच्या कानाजवळून निघून जाऊ लागली.

पळस फुलला. समोर तीन वर्षांचा विजेता, एक धिप्पाड ससा उभा होता. "काय, यंदाही माळच ना?" त्याने खिजवले आणि पहिला ठोसा हाणला. आपल्या सशाला काजवे दिसले, पण डोळे उघडेच राहिले. आणि काय गंमत, ठोसा मारताना तो धिप्पाड ससाच डोळे मिटत होता! पुढचा ठोसा येताच आपला ससा हळूच बाजूला सरकला. ठोसा हवेत गेला आणि त्यामागोमाग विजेताही, रिंगण ओलांडून थेट ओढ्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच धिप्पाड ससा बोरीखाली येऊन उभा राहिला. "खारूताई," तो मान खाली घालून म्हणाला, "बोरं शिल्लक आहेत का?"

"आहेत की," कुरणातून आपला ससाच हसत म्हणाला, "पण आधी नाक सुजतं, बरं का."

तात्पर्य : भीती बलवानालाही वाटते, पण येणाऱ्या फटक्याकडे जो डोळे उघडे ठेवून पाहतो, त्यालाच तो चुकवता येतो.