बेटावरची घंटा

फार फार वर्षांपूर्वी, मी लहान होतो तेव्हा, पाण्यावरून एक आवाज यायचा. वारा समुद्राकडून सुटला की घंटा वाजायची. टिण, टिण. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिण. समोर एक बेट होतं आणि त्या बेटावर माणूस नव्हतं. एके दिवशी तो आवाज थांबला. का थांबला, ते एका नावाड्यानं मला सांगितलं. त्यानं सांगितलं तसंच सांगतो.

त्या बेटावर पूर्वी गाव होतं. चाळीस घरं, देवीचं देऊळ आणि गोड्या पाण्याची एकच विहीर. एका वर्षी विहिरीत समुद्राचं पाणी शिरलं. लोकांनी पावसाचं पाणी साठवून तीन वर्षं वाट पाहिली. पाणी काही गोडं झालं नाही. शेवटी सगळे होड्यांत बसून किनाऱ्यावर राहायला आले.

त्या लोकांची एक रीत होती. गाव सोडावं लागलं, तर देवीच्या नावानं एक शेळी आणि एक बोकड मागं ठेवायचा. शेळीच्या गळ्यात देवळातली घंटा बांधायची. घंटा वाजते तोवर गाव उठलं नाही, असं मानायचं. त्या शेळ्यांना कुणी हात लावायचा नाही.

घंटा बांधली ती गावातल्या एका सुनेनं. पुढं ती म्हातारी झाली, तरी वर्षातून एकदा होडीतून बेटाच्या धक्क्यापर्यंत जायची. मूठभर मीठ दाखवून शेळीला बोलवायची. घंटेची दोरी झिजली असेल तर बदलायची. शेळी थकली असेल तर घंटा तिच्या लेकीच्या गळ्यात बांधायची आणि तशीच माघारी फिरायची. वर गावाकडं ती कधी बघत नसे.

"पडक्या भिंती बघवत नाहीत," म्हणायची.

बेटावर दोन शेळ्यांच्या दोनशे झाल्या.

मग एकदा किनाऱ्यावरचे कोळी राजाकडं गेले. म्हणाले, "महाराज, सुरय दिसेनासे झाले. ती पांढरी पाखरं जिथं पाण्यावर झेपावतात, तिथं आम्ही जाळं टाकतो. पाखरं नाहीत, तर मासळी कुठं शोधायची?"

सुरय अंडी घालत ते त्या बेटावरच्या वाळूत. राजानं ठरवलं, बेट पाखरांना द्यायचं. कुणीही यावं, बघावं, संध्याकाळच्या आत परत जावं. त्यानं आपल्या माळ्याला त्या बोडक्या बेटावर झाडं लावायला पाठवलं.

माळ्यानं पहिल्या वर्षी हजार रोपं लावली. एक उरलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं काट्याकुट्याचं कुंपण घातलं.

राजानं विचारलं, "रोपं कशी आहेत?"

"रोपं गेली, महाराज."

"आणि कुंपण?"

"ते आधी गेलं. शेळ्यांना बहुतेक जास्त आवडलं."

राजानं कोळ्यांना शेळ्या धरायला सांगितलं. कोळी मान खाली घालून उभे राहिले. "देवीच्या आहेत, महाराज. हात लावला तर होडी उलटेल. त्या म्हातारीनं सांगितलं, तर गोष्ट वेगळी."

राजा स्वतः म्हातारीच्या दारात गेला. "आजी, हुकूम करायला आलो नाही. विचारायला आलोय. शेळ्या हलवू का?"

"विचारताय, तर नाही म्हणते," म्हातारी म्हणाली. "घंटा थांबली की आमचं गाव संपलं."

माळी मागं उभा होता, तो म्हणाला, "आजी, नाहीच म्हणा. पण एकदा वर गावात येऊन म्हणा."

म्हातारी त्याच्याबरोबर गेली. धक्क्यापासून देवळापर्यंत पाणंद होती. तिथं पूर्वी सावली असायची. आता एक झुडूप नव्हतं. वाळूत अंड्यांची टरफलं तुडवलेली पडली होती. देवळापाशी उंडीचं एक झाड तेवढं उरलं होतं. त्याच्या शेंड्यावर समुद्रगरुडाचं घरटं असायचं. त्याच्या फांदीला म्हातारीनं आपल्या पहिल्या लेकराची झोळी बांधली होती. आता झाडाची साल बुंध्याभोवती सोलून निघाली होती आणि घरटं रिकामं होतं.

म्हातारीनं उघड्या लाकडावरून हात फिरवला. "हे कुणी केलं?"

माळी हळूच म्हणाला, "देवीच्या शेळ्यांनी."

म्हातारी झाडाखाली बसली. मग म्हणाली, "देवीच्या कसल्या रे? माझ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेळीच्या गळ्यातली घंटा सोडून हातात घेतली. ती वाजवत पुढं चालली आणि सगळा कळप मागोमाग धक्क्यावर आला. होड्यांच्या दहा फेऱ्या झाल्या. बेटावरून आलेल्या चाळीस घरांना तिनं शेळ्या वाटून दिल्या.

त्यांतला एक कोळी घाबरत म्हणाला, "आये, देवी कोपली तर?"

"माझ्यावर कोपेल. घंटा मी बांधली होती."

"आणि गाव उठलं, असं नाही का व्हायचं?"

"गाव विहिरीबरोबरच उठलं, बाबा. तुझी चूल इकडं पेटते, तिकडं नाही. शेळी नीट धर, तुझं धोतर खातेय."

बारा वर्षं गेली. माळ्याची झाडं उंच झाली. उंडी वठली, पण तिच्या मुळातून फुटवे आले आणि त्यांतला एक देवळापेक्षा उंच झाला. सुरय वाळूत अंडी घालू लागले. कोळ्यांना पुन्हा मासळीचा माग लागला.

बेट लोकांसाठी उघडलं, त्या दिवशी राजानं पहिल्या होडीत म्हातारीला बसवलं. देवळापाशी माणसं जमली. राजा म्हणाला, "आजी, बेट तुमचं होतं. दोन शब्द बोला."

तेवढ्यात उंडीच्या शेंड्यावरून समुद्रगरुड ओरडला. म्हातारीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तिनं पदरात गुंडाळलेली घंटा काढली आणि आवाज होऊ न देता देवीच्या पायाशी ठेवली. आणि पाणंदीच्या सावलीतून धक्क्याकडं चालत गेली.

जागेवर माया असेल, तर तिच्यावरचा हक्क वेळेवर सोडावा.