बरगड्या दिसणारा खोंड

नांगर लाकडाचे होते, तेव्हाची गोष्ट. एका गोठ्यातले म्हातारे बैल खाऊन खाऊन एवढे सुटले होते, की टेकडीवरच्या झऱ्यापर्यंत एकालाही चढता येत नव्हतं. खालच्या डबक्यातलं हिरवं पाणी पीत ते जुन्या शर्यतींच्या फुशारक्या मारायचे.

ठिपक्या नावाच्या खोंडाला झऱ्याचं पाणी प्यायचं होतं. तोही तितकाच लठ्ठ होता. सरकीची पेंड तो सगळी खायचा, पण कडबा निम्मा सोडायला लागला. रोज एकटाच ओंडका ओढत चढावर जायचा. पहिल्या दिवशी चार पावलं, दोन महिन्यांनी निम्मी टेकडी. भुकेनं पोट जळायचं. त्यानं सोडलेला कडबा म्हातारेच फस्त करायचे.

“बरगड्या दिसायला लागल्या रे तुझ्या,” ढवळूआबा रवंथ करत म्हणाला. “कमी खाऊन कुठं ताकद येते होय?”

“तुम्ही भरपूर खाता ना, आबा? मग या, ओढा ओंडका.”

सगळा गोठा चिडला. त्या दिवसापासून त्याच्या शेजारी कुणी बसेना.

उन्हाळ्यात डबकं आटलं, आणि त्याच आठवड्यात ठिपक्या झऱ्यापर्यंत पोहोचला. पाण्याला तोंड लावायच्या आधी त्यानं खाली हाक दिली, “या, वाट दाखवतो! हळूहळू चढू.”

कोरड्या डबक्याभोवती सगळे उभे होते. कुणी पाऊल उचललं नाही.

“नाटकं पुरे!” आबा ओरडला. “खाली ये, आणि आधी पोटभर खा.”

ठिपक्यानं बराच वेळ वाट पाहिली. मग तो वळला आणि एकटाच पाणी प्यायला.