भोईगल्लीचे चौकोन

"पण बाबा, नियम सगळ्यांना सारखाच नको का?"

धुंडिनाथबाबा मठाच्या ओसरीवर विळी घेऊन वांगी चिरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा शिरीष, त्यांचा जुना शिष्य. आता जिल्ह्याच्या गावी पुराचे नकाशे करतो. हुशार आहे, आणि ते त्याला ठाऊकही आहे.

"काय झालं ते नीट सांग," बाबा म्हणाले.

"नदी, रस्ते, घरं... नकाशात सगळं आधी रेघांनी काढलेलं असतं. त्याला व्हेक्टर म्हणतात. पण पाणी कुठवर चढेल, हा हिशेब चौकोनांवर होतो. म्हणून रेघांचे चौकोन करायचे. ते रास्टर. एका चौकोनाला एकच नाव. त्यात जे जास्त, त्याचं."

"मग?"

"नदीकाठची भोईगल्ली गेली."

"कुठे गेली?"

"नकाशातून. घरांची एकच चिंचोळी ओळ आहे तिथे. प्रत्येक चौकोनात शेत जास्त, घर थोडं. सगळे चौकोन शेत झाले."

बाबांचा विळीवरचा हात थांबला.

"आणि पूर आला तर?"

"इशारा वस्तीच्या चौकोनांनाच जातो..."

"चौकोन बारीक कर."

"यंत्राला झेपत नाही."

"मग तेवढ्या चौकोनांत हाताने रंग भर."

शिरीष हसला. "बाबा, ही रांगोळी नाही. एकदा हात घातला की नकाशावर कोण विश्वास ठेवील? उद्या सकाळी आहे तसाच पाठवतो."

बाबा पुन्हा विळीकडे वळले. वांगी चिरत राहिले.

दुपारी पंगत बसली. या मठात बाबा स्वतः वाढतात. शिरीष फोनवर बोलत राहिला, उशिरा आला आणि एका ओळीच्या टोकाला बसला. त्या ओळीतल्या बाकीच्या तिघांचं जेवण होत आलं होतं.

बाबा बट्ट्यांची पाटी घेऊन आले.

"बट्टी?"

"पुरे, बाबा," पहिला म्हणाला.

दुसराही पुरे म्हणाला. तिसऱ्या सुकदेवअप्पांनी पानावर हात आडवा धरला.

बाबा शिरीषसमोरून तसेच पुढच्या ओळीकडे निघाले.

"बाबा, मला?"

"या ओळीला पुरे झालं."

"अहो, माझं पान कोरडं आहे!"

"तिघे नको म्हणाले. तू एकटा."

सुकदेवअप्पा हसू लागले. "बाबा, लेकराची चेष्टा करता काय?"

बाबा हसले नाहीत. पुढे गेले. पुढच्या ओळीत बट्ट्या पडल्या, त्यांवर वरण पडलं. तुपाचा वास शिरीषपर्यंत आला.

तो आपल्या रिकाम्या पानाकडे बघत राहिला...

बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली. आवाज लहान झाला होता.

"बाबा... भोईगल्लीचे चौकोन हातानेच भरतो."

बाबा परत आले. त्याच्यासमोर उकिडवे बसले. पानात बट्टी कुस्करली, वरण घातलं, वर तूप सोडलं.

शिरीषने घास उचलला आणि हात मध्येच थांबला.

"साहेब विचारतील, एवढ्याच चौकोनांसाठी नियम का मोडला? काय सांगू त्यांना?"

बाबांनी पानाच्या कडेला भाजी वाढली.

"सांग, भूक लागली होती."