खांबटेकडीची पोच

जांभूळखोऱ्यात मुक्कामाला आलात तर संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी जरा ओटीवर येऊन उभे राहा. समोरच्या टेकडीवर गंजलेला उंच लोखंडी खांब दिसतो. त्याच्याकडे तोंड करून घराघरातलं माणूस दारातला दिवा एकदा विझवतं आणि पुन्हा लावतं. वीज नसली तर कंदिलापुढे सूप धरतात आणि काढतात. याला इथे पोच देणं म्हणतात. पोच दिल्याशिवाय टीव्हीपुढे ताट घ्यायचं नाही, अशी रीत आहे. शहरातून आलेल्या जावयांना हसू येतं. येऊ द्या. गोष्ट ऐकली की पुढच्या खेपेला तेच उठून बटणाकडे जातात.

त्या खांबाखाली पूर्वी टीव्हीचं सहक्षेपण केंद्र होतं. मुंबईहून आलेलं चित्र वर झेलायचं आणि खोऱ्यात सोडायचं, एवढंच त्याचं काम. ते सांभाळायला प्रल्हाद बोंद्रे नावाचा माणूस थेट वऱ्हाडातून आला, असं सांगतात. म्हातारी आई गावीच राहिली, कारण तिला हा चढ झेपण्यातला नव्हता. केंद्र चालू असताना जागा सोडायची नाही असा नियम, आणि बंद असताना खाली उतरावं तर ओळखीचं कुणी नाही. अख्खं खोरं ज्या वेळी एकत्र बसून हसायचं, त्या वेळी हा वर एकटा यंत्राची घरघर ऐकत असायचा.

खालच्यांना वाटे, चित्र मुंबईहून नीट आपल्या घरात येतं. मधे कुणी माणूस बसलाय हे चित्र गेल्यावरच आठवायचं. मग चार टगे शिव्या घालत टेकडी चढायचे. बोंद्रे त्यांना हातापाया पडून बसवायचा, चहा पाजायचा, पीकपाणी विचारायचा. ते उतरून गेले की त्याला खोली खायला उठायची.

आणि इथेच त्याची बुद्धी फिरली. फार करमेनासं झालं की तो स्वतःच खटका खाली ओढायचा. खोऱ्यात चित्र गडप! माणसं तणतणत वर यायची. हा उगाच पेचकस घेऊन यंत्रात डोकं घालायचा, चहाचं आधण ठेवायचा, आणि कप रिकामे झाले की चित्र आपसूक दुरुस्त व्हायचं. कुणाला संशय आला नाही. उलट 'माणूस भला, पण यंत्र भिकार' असंच लोक म्हणत.

त्याच सुमारास खालच्या आळीतल्या भागूआत्याचा एकुलता मुलगा बाळकू मुंबईला कामाला म्हणून गेला, तो नाहीसाच झाला. बातम्यांच्या आधी हरवलेल्या माणसांचे फोटो दाखवत. शाळेतल्या गुरुजींच्या सांगण्यावरून आत्याने बाळकूचा जत्रेत काढलेला फोटो मुंबईला टीव्हीवाल्यांकडे धाडला. घरात तेवढा एकच होता. येत्या आठवड्यात दाखवतील, असा निरोप आला. आत्या रोज नेसूचं बदलून पंचायतीच्या टीव्हीपुढे जाऊन बसू लागली. पोराचं तोंड एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

त्या आठवड्यात पोळा होता. वऱ्हाडात केवढा सण! आपल्याकडे बैलांचा सण बेंदूर, तो केव्हाच होऊन गेलेला. खोऱ्यात त्या दिवशी ना घुंगूर, ना तोरण. बोंद्रेला दिवसभर आईचं अंगण आठवत राहिलं. संध्याकाळी त्याला राहवेना. पण लोकांचा सिनेमा तोडायचं जिवावर आलं, म्हणून ज्याने कुणाचं काही बिघडणार नाही अशी वेळ त्याने शोधली. हरवलेल्यांचे फोटो सुरू झाले आणि त्याने खटका ओढला.

खोऱ्यात चित्र गेलं, तरी वरच्या छोट्या पडद्यावर ते येतच होतं. चहाचं भांडं हातात घेऊन बोंद्रेने सहज तिकडे पाहिलं. कपाळावर केस आलेला एक पोरगेला चेहरा आला आणि गेला.

त्या दिवशी वर आलेल्या माणसांनी शिव्या घातल्या नाहीत. कुणी चहाला हात लावला नाही. सगळ्यांच्या पुढे भागूआत्या होती, धापा टाकत. तिने यंत्राकडे बोट केलं.

"ह्यात मागचं काय ऱ्हातं का रं?"

"नाही माय. येते तसं जाते. इथं काहीच राहत नाही."

"आठवड्याचा आज शेवटचा दिस. माझा बाळकू हुता त्यात."

बोंद्रेने हातातलं भांडं खाली ठेवलं. "माय, यंत्राचा दोष नाही. मीच बंद केलं. चित्र गेल्याबिगर इथं कोणीच येत नाही."

माणसं मारायला धावली, म्हणे. आत्याने हात आडवा केला. तिला एकच गोष्ट विचारायची होती.

"तू बघितलास न्हवं? कसा दिसत हुता?"

त्याने सांगितलं. कपाळावर केस, डावा कान जरा पुढे, हसू दाबून धरल्यासारखं तोंड. आत्या डोळे मिटून ऐकत राहिली. "त्योच," एवढंच म्हणाली. निघताना मात्र तिने त्याला बजावलं, "खटक्याला पुन्यांदा हात लावू नगंस. चित्र दिसलं की म्या दारातला दिवा झाकून उघडीन. खाली माणूस हाय, एवढं तर कळंल तुला."

बोंद्रेने तिथेच तिच्या पायाशी शपथ घेतली, की बाळकूचा पत्ता लागेपर्यंत ही टेकडी सोडणार नाही. दुसऱ्या दिवसापासून एक दिवा पोच देऊ लागला. पुढे शेजारच्या आळ्या लागल्या, मग सगळं खोरं. सणासुदीला आत्या टेकडी चढायची आणि म्हणायची, "सांग रं, कसा दिसत हुता?" तो तेच पुन्हा सांगायचा. त्याला गावाजवळची बदली आली, त्याने ती घेतली नाही. आई त्याची वाट पाहत गेली. त्याचे केस पिकले. बाळकूचा पत्ता काही लागला नाही.

पुढे घरोघर छपरांवर डिशच्या ताटल्या आल्या आणि केंद्राला कुलूप लागलं. निरोपाला आत्याच्या दारात आलेला बोंद्रे लहान मुलासारखा रडला, असं सांगतात. त्या संध्याकाळीही आत्याने दिवा झाकून उघडला. शेजारीण म्हणाली, "आत्या, वर आता कुणी न्हाय."

"नसंल. पर असला, तर त्येला कळाय नगं?"

शेजारणीने घरी जाऊन आपला दिवा विझवून पुन्हा लावला.

आत्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आजही रोज संध्याकाळी खोरं पोच देतं. पोच देऊन झाली की माणसं क्षणभर टेकडीकडे पाहत थांबतात आणि मग आत जातात. भागूआत्याच्या बंद घराचा दिवाही शेजारचं कुणीतरी लावतं. तो मात्र झाकत नाहीत. बाळकू वाटेत असला, तर त्याला तेवढ्यापुरताही अंधार नको, म्हणून तो सकाळपर्यंत तसाच ठेवतात.