चिमी चिचुंद्रीची एक काडी

कान इकडे करा. पाय पांघरुणात घ्या. गोष्ट निघाली.

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिमी. नाक लांब, शेपटी लांब, बाकी सगळी एवढीशी. चालायची तुरुतुरु, बोलायची चिं चिं.

चिमी राहायची पास्कूआजोबांच्या घरी, कपाटामागे. आजोबांनी अंगणात नाताळचा गोठा केला होता. मातीची मरिया, मातीचा योसेफ, मातीची गाय. मध्ये छोटी गव्हाण. बाळ येशू अजून आजोबांच्या खिशात, रुमालात गुंडाळलेला. नाताळच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला चर्चची घंटा वाजली, की बाळाला गव्हाणीत निजवायचं.

या घरची एक रीत होती. नाताळची वाट बघायची, आणि वाट बघता बघता चांगलं काम करायचं. एक चांगलं काम, गव्हाणीत एक काडी. पेंढ्याचा भारा शेजारीच ठेवलेला. काड्या जमल्या, की बाळाची गादी मऊ.

पण यंदा काय झालं? नाताळच्या आधी दर रविवारी एक मेणबत्ती लावायची. आजोबांनी आशेची मेणबत्ती लावली. मग शांतीची लावली. आणि शांतीची मेणबत्ती पेटली तशी घरातल्या प्राण्यांत भांडणं लागली. फुर्र. फिस्स. म्यँ. नाताळचा आदला दिवस उजाडला, तरी गव्हाणीत एक काडी नाही.

एकट्या चिमीने एक काम केलं. उताणा पडलेला किडा सुलटा केला. किडा गेला आपल्या वाटेने. चिमीने घेतली एक काडी आणि निघाली गव्हाणीकडे. तुरुतुरु, चिं चिं.

वाटेत कोंबडी बसली होती. बटाट्यावर बसली होती. बटाट्यातून पिल्लू निघेल, अशी तिला आशा होती. तिने मान लांब केली, टुपकन काडी उचलली आणि बुडाखाली सारली.

"कोंबडीताई, कोंबडीताई, ऊठ ना. माझी काडी दे ना."

"मी नाही उठायची जा. कोंबडा आरवला तरच उठेन."

चिमीला दुसरी काडी घेता आली असती. पण एका कामाला एकच काडी. दुसरी घेणं म्हणजे लबाडी.

चिमी गेली कोंबड्याकडे. तुरुतुरु, चिं चिं.

"कोंबडेदादा, कोंबडेदादा, आरव ना.
कोंबडी उठेना,
काडी सुटेना,
बाळ निजेल कुठं?"

"मी नाही आरवायचा जा. मनी मांजर माझ्या शेपटीवर बसलीये. शेपटी दबली की माझा आवाज चपटा होतो. मनी हलली तरच आरवेन."

चिमी गेली मनीकडे. म्हणजे तिथेच, जरा मागे. तुरुतुरु, चिं चिं.

"मनीमावशी, मनीमावशी, हल ना.
कोंबडा आरवेना,
कोंबडी उठेना,
काडी सुटेना,
बाळ निजेल कुठं?"

मनीने एक डोळा उघडला. "मी नाही हलायची जा. शेळीने माझी चांदणी पळवलीये. शेळीने चांदणी सोडली तरच हलेन."

चिमी गेली शेळीकडे. तुरुतुरु, चिं चिं. शेळीच्या तोंडात होती कागदी चांदणी. तिचं एक टोक कधीच पोटात गेलं होतं.

"शेळीकाकू, शेळीकाकू, चांदणी सोड ना.
मनी हलेना,
कोंबडा आरवेना,
कोंबडी उठेना,
काडी सुटेना,
बाळ निजेल कुठं?"

"मी नाही सोडायची जा. पोटात कावळे ओरडतायत. आजोबा उठले, पाला घातला, तरच सोडेन."

चिमीने शेळीच्या पोटाला कान लावला. कावळे काही ऐकू आले नाहीत. मग ती गेली आजोबांकडे. तुरुतुरु, चिं चिं. आजोबा खुर्चीत बसले होते. एका पायात लाल मोजा. दुसरा पाय उशीच्या अभ्र्यात.

"आजोबा, आजोबा, उठा ना.
शेळी चांदणी सोडेना,
मनी हलेना,
कोंबडा आरवेना,
कोंबडी उठेना,
काडी सुटेना,
बाळ निजेल कुठं?"

"मी नाही उठायचा जा," आजोबा म्हणाले. "पाय गारठलाय. माझा दुसरा मोजा कुणीतरी नेलाय. मोजा मिळाला तरच उठेन."



चिमी हळूहळू कपाटामागे गेली. तिथे होता एक लाल मोजा. तोच तिचा बिछाना. मऊ मऊ, उबदार. चिमी आत शिरली. फक्त नाक बाहेर ठेवलं. आणि हळूच म्हणाली,

"चिमी मोजा देईना,
आजोबा उठेनात,
शेळी चांदणी सोडेना,
मनी हलेना,
कोंबडा आरवेना,
कोंबडी उठेना,
काडी सुटेना,
बाळ निजेल कुठं?"

चिमीला रडू आलं. मोजा दिला तर मी निजेन कुठं? बाहेर ऊन उतरत होतं. चिमीने विचार केला. बाळ तर आजच येतंय. त्याला थंडीची सवयसुद्धा नाही.

ती मोज्यातून बाहेर आली. मोजा दातात धरला. ओढला. सर्र सर्र, सर्र सर्र.

चिमीने मोजा दिला. आजोबांनी पायात घातला. मोज्याला भोक. भोकातून अंगठा बाहेर.

"असू दे," आजोबा म्हणाले. "अंगठ्यालाही नाताळ बघू दे."

मग आजोबा उठले, पाला घातला.
पाला मिळाला, शेळीने चांदणी सोडली.
चांदणी सुटली, मनी हलली.
मनी हलली, कोंबडा आरवला. कुकूचकू, भर संध्याकाळी.
कोंबडा आरवला, कोंबडी उठली.
कोंबडी उठली, काडी सुटली.
आणि घंटा वाजली. टण् टण् टण्.

चिमी काडी घेऊन धावली. तुरुतुरु, चिं चिं. गव्हाणीत ठेवली.

"थांबा," आजोबा म्हणाले. "मी पाला घातला. माझी एक काडी."

"मी चांदणी सोडली. माझी एक," शेळी म्हणाली. तिने काडी ठेवता ठेवता अर्धी खाल्ली.

"मी हलले. माझी एक."

"मी आरवलो. माझी एक."

"मी उठले. माझी एक."

"आणि मी मोजा दिला," चिमी म्हणाली. "माझी अजून एक."

गव्हाण झाली मऊ मऊ. आजोबांनी रुमाल सोडला, बाळाला निजवलं. सगळे बघत राहिले. फुर्र नाही. फिस्स नाही. म्यँ नाही.

चिमीला थंडी वाजली. तिचं लांब नाक थरथरलं.

"आता तू निजशील कुठं?" आजोबांनी विचारलं.

मग आजोबांनी बाळाच्या पायाशी पेंढा जरासा उचलला. चिमी आत शिरली. फक्त नाक बाहेर ठेवलं. गादी दोघांना पुरली.

कोंबडी परत बटाट्यावर बसली. अजून बसलीये. आशा आहे तिला.

आजोबांचा अंगठा मोज्याबाहेर. चिमीचं नाक पेंढ्याबाहेर. आणि आपली गोष्ट पांघरुणात.